कोरड्या कावेरीतला झिरा

आधीच कबूल करते, या सदरातले अनुभव मी हसायला वाचते. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवते आणि प्रत्येकाला दोन मिनिटांत ‘लॉजिकल’ उत्तर शोधून देते. केमिस्ट्री शिकवणारी बाई आहे मी, अकरावी-बारावीला. पांढऱ्या साडीतली बाई, आपोआप वाजणारी घंटा... असलं काही ऐकलं की माझं डोकंच फिरतं. तेव्हा आता मी लिहिते आहे म्हटल्यावर तुम्ही हसलात तर तो तुमचा हक्क आहे. हसा. पण पूर्ण वाचा.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन कुंभकोणमला आले त्याला आता अकरा वर्षं झाली. सासरचे लोक तंजावरी मराठी, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या मराठा राजांबरोबर इकडे आलेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. हे इतकं अंगवळणी पडलंय की बाप-लेक घरातून बोलत बोलत निघाले तरी रस्त्यावर वाक्याचा उरलेला अर्धा भाग तमिळमध्ये संपतो. आणि घरातली ती मराठी! ‘कोठें जात्येस गो?’ असं सासऱ्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला हसू आवरेना. आता माझीच मुलं तशी बोलतात.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझा नवरा गेला. रघू. कॅन्सर. दहा महिने. आता घरात मी, सासरे (मी त्यांना मामंजी म्हणते), आठ वर्षांची तुळजा आणि साडेचार वर्षांचा प्रताप. बस्स.

आता माझी एक चूक सांगते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रघू गेल्यावर मी त्याचे आजारपणातले सगळे फोटो डिलीट केले. माझ्या फोनमधले, त्याच्या फोनमधले, मामंजींच्या फोनमधलेसुद्धा, त्यांना न विचारता. केमोने त्याचे सगळे केस गेले होते, भुवयासुद्धा. मुलांनी बाप तसा आठवायचा नाही, हे मी ठरवून टाकलं. भिंतीवर लग्नाच्या वेळचा फोटो लावला. भरघोस मिशी, जाड भुवया, कुरळे केस. तुळजाला तो बाप ओळखीचा होता. प्रतापला मात्र नाही हो! तो सव्वादोन वर्षांचा होता. त्याला काहीच आठवत नव्हतं. ‘फोटो-अप्पा’ म्हणायचा. ‘फोटो-अप्पा पडले’, ‘फोटो-अप्पांवर पाल बसली’. माझं मागणं काही फार नव्हतं. पोराकडे बापाची एक आठवण असावी. एकच. खरी, त्याची स्वतःची.

मागची सुट्टी आम्ही तिघांनी घरात मोबाईल बघून काढली. या वर्षी एप्रिलच्या शेवटी तुळजाने वहीचं पान फाडून माझ्यापुढे टाकलं. वर लिहिलं होतं ‘सुट्टीतले पराक्रम’. खाली यादी: शेतातल्या पंपाच्या हौदात डुंबणे. ताडगोळ्यांच्या रिकाम्या कवट्यांची गाडी करून पळवणे. मोर बघणे. आणि शेवटचं, दोनदा अधोरेखित केलेलं: ‘नदीत पाणी काढणे, अप्पांनी प्रॉमिस केलेलं.’

मे महिन्यात कावेरी कोरडी असते. वरून धरणाचं पाणी सुटेपर्यंत नुसती वाळू. पण त्या वाळूत योग्य जागी हाताने खणलं की खालून स्वच्छ, गार पाणी झिरपून वर येतं. इकडे त्याला ऊत्रु म्हणतात, आपल्याकडचा झिरा. रघूने तुळजाला हॉस्पिटलच्या पलंगावरून कबूल केलं होतं, बरा झालो की तुला झिरा काढायला नेतो. ते राहिलं ते राहिलंच.

मी म्हटलं, चला, आई नेते.

बाकीचे पराक्रम धडाक्यात झाले. हौदात प्रतापने इतक्या उड्या मारल्या की बाहेर येईना, ओढून काढावं लागलं. ताडगोळेवाल्याकडून रिकाम्या कवट्या आणल्या, दोन कवट्यांत काठी खुपसून चाकं केली आणि दोघं गल्लीभर पळवत सुटले. मोर दिसला नाही. पण पट्टीश्वरमच्या वाटेवर त्याचं एक पीस सापडलं, आणि तुळजाने यादीत ‘अर्धा मोर’ असं लिहून बरोबरची खूण केली. दोन वर्षांनी मी माझ्या मुलांना असं दात काढून हसताना बघत होते. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग एका सकाळी नदी. पापनाशमच्या रस्त्याला, स्कूटीवरून वीस-पंचवीस मिनिटांवर, एका केळीच्या बागेमागून पायवाट खाली उतरते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात रघूने मला तिथेच नेलं होतं. तेव्हा त्याने झिरा काढून ओंजळ पुढे केली आणि मी नाक मुरडलं. ‘हे प्यायचं? उकळल्याशिवाय?’ तो इतका हसला होता... मग मी प्यायले. त्या पाण्याची चव अजून जिभेवर आहे.

सहाला निघालो, साडेसहाला वाळूत. ऊन अजून कोवळं होतं. बागेच्या तोंडाशी सेल्वी नावाची बाई केळीची पानं कापत बसली होती. माझी तोंडओळख आहे तिच्याशी. खाली नदीत चिटपाखरू नव्हतं. मी मुलांना बजावलं, नजरेआड जायचं नाही. कारण तिथे वाळू उपसून केलेले खड्डे आहेत, काही तर माणूसभर खोल.

मी मधोमध बसकण मारली आणि खणायला लागले. हातभर खणलं, कोरडं. दुसरीकडे खणलं, तेही कोरडं. तुळजा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आई, तुला येतं का नक्की?” मी म्हटलं, “गप गं! नदी आहे ही, नळ नाही.” पण आतून मला रडू येत होतं. त्याने कुठे खणलं होतं, कसं ओळखलं होतं, मी तेव्हा लक्षच दिलं नव्हतं. मला काय माहीत, पुढे कधी माझ्यावर वेळ येईल!

तेवढ्यात तुळजा किंचाळली. वेड्या बाभळीचा काटा चप्पल फोडून तिच्या टाचेत घुसला होता. मी तिला मांडीवर घेतलं आणि काटा काढायला लागले. तो अर्धा मोडला. पिन शोधली, टोकरलं, ती रडतेय, मी ओरडतेय... दहा मिनिटं गेली असतील. काटा निघाला. मी मान वर केली.

प्रताप नव्हता.

मी हाका मारत धावत सुटले. पहिला खड्डा, दुसरा खड्डा, आत वाकून बघायचा धीर होईना. आणि मग वळणावर, काठाला जिथे लव्हाळी हिरवी होती त्याच्या आडून, पाण्यात हात मारल्याचा आवाज आला. चुबुक, चुबुक. आम्ही बसलो होतो तिथून चाळीसेक पावलं.

स्वारी झिऱ्याकाठी आरामात बसली होती. कोपरापर्यंत ओली. मला बघून म्हणाला, “आई, हळू. पाणी गढूळ होईल.”

मी आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याला छातीशी धरून रडले. आणि मग तो झिरा बघितला.

नुकताच काढलेला होता. कडेची वाळू ओली, बाहेर टाकलेला ढीग ओला. दीड हात खोल, तळाशी नितळ पाणी. हे साडेचार वर्षांच्या पोराचं काम नव्हे, दहा मिनिटांत तर नव्हेच. पण खरी गोष्ट पुढे आहे. इथले सगळे लोक झिरा सरळ गोल खणतात. या झिऱ्याला एका बाजूने उतार काढलेला होता आणि उताराच्या मध्यावर वाळू थापून छोटासा ओटा केला होता. लहान मूल बसेल एवढाच. रघूने त्या पहिल्या उन्हाळ्यात मला हे समजावलं होतं. लहान मुलं वाकून पाणी घेतात, डोकं जड, तोल जातो, म्हणून आमच्या घरी आधी ओटा करतात, मग पाणी. मी तेव्हा थट्टा केली होती, “मूल कुठाय अजून, ओटा कुणासाठी?”

ओट्याच्या कडेला हाताने थापल्याचा एक ठसा उमटला होता. मी त्यावर माझा पंजा ठेवला. ठसा माझ्या हातापेक्षा बराच मोठा होता.

फोटो काढायचं सुचलं नाही. फोन स्कूटीच्या डिकीत होता, आणि मला तिथून फक्त मुलांना घेऊन निघायचं होतं. वर सेल्वीला विचारलं, खाली कोण गेलं होतं? ती म्हणाली, तुम्ही तिघंच. उजाडल्यापासून मी इथून हललेली नाही.

वाटेत मी सगळी उत्तरं तयार केली. कुणी तरी गुराखी असणार. दुसऱ्या काठाने उतरला असणार. ओटा? योगायोग. घरी येईपर्यंत माझा पेपर सोडवून झाला होता.

मग दहीभात कालवताना मी सहज विचारलं, “प्रताप, खड्डा कुणी खणला रे?”

“अंकलनी.”

“कसे होते अंकल?”

त्याने दहीभाताचा हात डोक्यावरून फिरवला. “केस नाहीत.”

यात काय मोठंसं! आमच्या गावात प्रत्येक दहावा माणूस कुठल्या तरी देवाला केस देऊन आलेला असतो. मी घास भरवला. त्याने तो चावला, गिळला आणि मग बोट घेऊन दोन्ही भुवयांवरून ओढलं. “इथे पण नाहीत.”

देवाला केस देणारे भुवया देत नाहीत हो.

मी भिंतीवरचा फोटो दाखवला. “हे होते का?”

“छे! हे फोटो-अप्पा,” त्याला माझ्या अडाणीपणाची कीव आली.

“काय बोलले अंकल?”

“पाणी बसूं दे म्हणाले. मग पी.”

“तमिळमध्ये?”

“नाही. घरचं बोलले.”

घरचं. म्हणजे आमची मराठी. बाहेर जी आम्हीच आपापसात बोलत नाही, ती. तुम्ही म्हणाल, पोराला बापाचा आजारातला चेहरा कुठे तरी आत आठवत असेल, तोच वर आला. मान्य. मीही तसंच म्हणेन. पण मग आठवणीने वाळू उपसली का?

मामंजी पाटावर बसून हे ऐकत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, बोलणं मोजकं. ते एवढंच म्हणाले, “मला तेथें ने.”

साडेचारला रिक्षा केली, मुलांनाही घेतलं. पायवाट उतरताना मी त्यांचा दंड धरला होता. झिरा तसाच होता, पाणी आणखी बोटभर चढलं होतं. हाताचा ठसा मात्र ढासळला होता. मामंजींनी काठी बाजूला टाकली आणि ते गुडघ्यांवर बसले. ओट्यावरून हात फिरवला. मग पाण्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावली. मी वाट बघत होते, काहीतरी बोलतील. हो म्हणतील, नाही म्हणतील.

“आतां बुजव गो,” ते म्हणाले, बाहेर असूनही घरच्या मराठीत.

“काय?”

“उघडें ठेवून जायचें नाही. वासरूं पडेल, कोणाचें लेंकरूं पडेल. सकाळीं तशीच गेलीस ना तूं?”

मी चिडलेच. “मामंजी, एक रात्र राहू दे ना! उद्या सकाळी बघू. कदाचित...” कदाचित काय? तो परत येईल? माझ्यासारख्या बाईने हे बोलायचं?

“रघू बुजवल्यावांचून कधी घरास आला नाही गो,” ते म्हणाले. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. “अर्धें काम ठेवून गेला. तूं पुरें कर.”

मग मी बसले आणि दोन्ही हातांनी वाळू लोटायला लागले. ओटा मोडताना हुंदका आवरेना. मामंजीही लोटत होते. प्रताप आनंदाने उड्या मारत लोटत होता, त्याला तो खेळच. तुळजा मात्र लांब उभी होती. मी हाक मारली तर फिरकली नाही. जवळ गेले तेव्हा बघितलं, ओठ घट्ट मिटून रडत होती.

“प्रॉमिस मला केलं होतं,” ती म्हणाली. “त्याला नाही. मला.”

मी वाळूचे हात झटकले. जवळ घेतलं. म्हटलं, मला माहितीये गं.

त्यानंतर आम्ही रोज जायला लागलो. रोज, पहाटे, दूध तापवायच्या आधी. आम्ही परत आल्यावर मामंजी एवढंच विचारायचे, “बुजवलें ना?” लव्हाळीजवळ खणायचं हे प्रतापने आम्हांला शिकवलं. पहिलं पाणी गढूळ, ते उपसून टाकायचं, दुसरंही टाकायचं, मग हात न लावता थांबायचं, हेही त्यानेच. ‘अंकल म्हणाले’ असं म्हणून. तुळजा आधी फुगून बसायची, मग हळूहळू ओटा करायला लागली. तिच्या हाताला छान जमतो. आम्ही खणायचो, प्यायचो, बुजवायचो. मधेच मी उगाच कामं काढून उठायचे, पोरांना तिथे ठेवून लांब जायचे, पाठ करून उभी राहायचे आणि मनात शंभर आकडे मोजून वळायचे. शंभर, मग दोनशे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलं दोघंच असायची, दर वेळी. एकदा गुराखी दिसला, त्याला भरगच्च भुवया होत्या.

एक दिवस प्रताप स्टुलावर चढून भिंतीवरचा फोटो बराच वेळ बघत होता. मग वळून म्हणाला, “आई, यात अप्पांचे केस उगवलेत.”

मी त्याला एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. तुळजाला विचारलं, तिनेही शपथेवर नाही म्हटलं. त्या दिवसापासून ‘अंकल’ गेले आणि ‘फोटो-अप्पा’ही गेले. आता फक्त अप्पा. जून लागला, शाळा सुरू झाली, तर हा वर्गात सांगून आला, माझ्या अप्पांनी मला नदीतून पाणी काढायला शिकवलं. टीचरने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, मॅडम, तुमचे मिस्टर तर...? मी म्हटलं, हो. पण शिकवलंय त्यांनी.

त्याच आठवड्यात धरणाचं पाणी सुटलं. ते आमच्याकडे पोचलं तेव्हा गावातले लोक काठावर फुलं टाकायला जमले होते. आम्हीही केळीच्या बागेमागे गेलो. आधी वाळू काळी पडली, मग एक पातळ, फेसाळ पट्टा सरकत आला, आणि बघता बघता लव्हाळी कमरेइतकी बुडाली. पोरं टाळ्या पिटत होती. मामंजींनी हात जोडले. मला मात्र संताप आला होता. खरंच संताप, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथे शंभर आकडे मोजायलाही जागा उरली नव्हती.

तर असं आहे. याला उत्तर माझ्याकडे नाही. दुसरा काठ, गुराखी, पोराची कल्पनाशक्ती, सगळं मी स्वतः तपासून झालंय, तुम्ही नवीन काही सुचवलंत तर वाचेन, हसणार नाही. पोराला हवं ते मिळालं, माझं देवाशी त्याबद्दल काही भांडण नाही. रघूशी आहे. चाळीस पावलांवर होते मी. मुलीच्या पायातला काटा काढत, पाठ करून बसले होते. दोन वर्षांत एकदा आलास, पोरासाठी वाळू उपसलीस, ओटा थापलास, त्याच्याशी बोललास... मग मला एक हाक मारायला काय झालं होतं रे?